लाकडी सबफ्लोरवर मोठी टाइल: थिनसेट कालवण्याआधीची कामं

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेला मराठी माणूस टाइलच्या दुकानात जातो तेव्हा त्याच्या डोक्यात पुण्या-ठाण्याची लादी असते. ती लादी काँक्रीटच्या स्लॅबवर बसते. शिवाय आपला फरशीवाला स्लॅबवर चांगला जाड माल पसरतो आणि खालची जमीन कितीही उंचसखल असली तरी त्या मालात सगळं जिरवून टाकतो. दोरी लावायची, ठोकायचं, पातळीत आणायचं. इथे खाली आहे लाकूड, आणि टाइलच्या पोटाखाली जेमतेम पाव इंच थिनसेट (टाइल चिकटवायचा सिमेंटचा पातळ माल). म्हणजे फरशीवाला लादी बसवता बसवता जे सांभाळून घ्यायचा ते इथे आधीच करून ठेवावं लागतं.

हा लेख लाकडी सांगाड्याच्या घरासाठी आहे: जॉइस्टच्या तुळया, त्यांवर प्लायवुड किंवा ओएसबीचं (लाकडाच्या चिपा गोंदाने दाबून केलेल्या बोर्डाचं) सबफ्लोर, म्हणजे खालची लाकडी जमीन, आणि त्यावर तुमची १२ बाय २४ किंवा २४ बाय २४ इंची पोर्सलेन टाइल. कुठलीही एक बाजू १५ इंच किंवा जास्त असली की ती टाइल ‘मोठी’ धरतात, त्यामुळे १२ बाय २४ सुद्धा मोठीच. बेसमेंटमधल्या काँक्रीटवर टाइल लावायची असेल तर ते प्रकरण वेगळं.

कामाला हात लावण्याआधी दोन प्रश्न वेगळे करून घ्या. जमीन पायाखाली किती वाकते, हा एक. जमीन किती सपाट आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जमिनीच्या खाली मिळतं, दुसऱ्याचं वर. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. झुलणाऱ्या जमिनीवर सेल्फ-लेव्हलर (खळगे भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) ओतणारे पुष्कळ लोक आहेत. त्याने जमीन जड होते, ताठ होत नाही, आणि काही महिन्यांत ग्राउटमध्ये (टाइलमधल्या सांध्यांच्या भरणात) केसासारख्या रेषा उमटू लागतात.

आधी खाली जाऊन बघा

बेसमेंट किंवा क्रॉल स्पेसमध्ये (घराखालच्या रांगत जायच्या बुटक्या पोकळीत) टॉर्च, टेप आणि वही घेऊन जा. टिपायच्या गोष्टी चार: जॉइस्टची जाडी आणि उंची, दोन जॉइस्टमधलं अंतर (मध्यापासून मध्यापर्यंत), त्यांचं लाकूड कुठलं, आणि आधार नसलेली लांबी किती.

ही शेवटची गोष्ट नवखे हमखास चुकवतात. वरच्या खोलीची लांबी म्हणजे जॉइस्टची लांबी नव्हे. वरची भिंत जॉइस्टला आधार देत नाही, उलट त्याच्यावर बसलेली असते. खाली पायाच्या भिंतीपासून मधल्या बीमपर्यंत मोजा. स्वयंपाकघर दहा फुटांचं असेल आणि जॉइस्ट मात्र जेवणाच्या खोलीखालून चौदा फूट धावत असेल, तर हिशेब चौदाचा करायचा.

मापातही एक गंमत आहे. टू-बाय-टेन म्हणून विकलं जाणारं लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय सव्वानऊ इंच असतं, टू-बाय-एट दीड बाय सव्वासात. खरं माप टिपा.

सिरॅमिक आणि पोर्सलेनसाठी इथला नियम एल/३६० असा लिहितात: आधार नसलेल्या लांबीला ३६० ने भागा, ठरलेल्या भाराखाली जमीन मध्यावर त्याहून जास्त वाकता कामा नये. चौदा फूट म्हणजे १६८ इंच, भागिले ३६०, म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित कमी. संगमरवर, ग्रॅनाइट, स्लेट असा नैसर्गिक दगड लावायचा असेल तर नियम दुप्पट कडक, एल/७२०. चौदा फुटांना पाव इंचाच्याही आत. ‘आपल्याकडे असतो तसा मार्बल घालू’ असं घरात ठरलं असेल तर या आकड्यापाशी थोडं थांबा. साधी बिल्डरने बांधलेली जमीन बहुतेक वेळा पोर्सलेनला पुरते, दगडाला पुरत नाही.

राहत्या खोल्यांसाठी इमारत-संहिता चौरस फुटाला ४० पौंड भार धरते. स्प्रूस-पाइन-फर जातीच्या, दुसऱ्या प्रतीच्या टू-बाय-टेनला १६ इंचांच्या अंतराने साधारण पंधरा फुटांपर्यंत परवानगी मिळते, टू-बाय-एटला बारा फुटांच्या आसपास. तुमची लांबी या हद्दीला टेकत असेल तर काळजी करा, कारण संहितेतला हा तक्ता हलक्या जमिनीसाठी आहे; टाइल, थिनसेट आणि बोर्ड मिळून चौरस फुटाला सात-आठ पौंडांची भर पडते. इंटरनेटवर जॉइस्टचे कॅल्क्युलेटर मिळतात, त्यात तुमचे चार आकडे घाला. इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखे दिसणारे कारखान्यातले जॉइस्ट असतील तर हे तक्ते लागू नाहीत. जॉइस्टच्या अंगावर छापलेला नंबर टिपून त्या कंपनीचा तक्ता पाहा.

आकडा नापास झाला तर काय? एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: लांबी निम्मी केली की वाक सोळापट कमी होतो. म्हणून खाली जागा असेल तर मध्यावर एक बीम आणि खांब देणं हा सगळ्यांत परिणामकारक उपाय. खांबाखाली मात्र स्वतंत्र पाया लागतो, बेसमेंटच्या तीन-चार इंची कोब्यावर तो उभा करायचा नसतो. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक जॉइस्टला त्याच मापाचा जोडीदार चिकटवून बोल्ट करणं. त्याने वाक निम्मा होतो. जोडीदार पूर्ण लांबीचा मिळाला तर उत्तम, पण वाटेत वायरी आणि पाइप आडवे येतात आणि काम वाढत जातं. जॉइस्टच्या मधे आडवे ठोकळे ठोकल्याने चालताना येणारी थरथर कमी होते, पण लांबीच जास्त असेल तर ठोकळ्यांनी हिशेब पास होत नाही. बीम, खांब, जॉइस्ट यांतलं काहीही बदलायचं असेल तर गावाच्या कार्यालयातून परवाना घ्या. घर विकताना तो कागद विचारला जातो.

खाली आहातच तर प्लंबरचे पराक्रमही बघून घ्या. जॉइस्टच्या मधल्या एक तृतीयांश लांबीत वरून किंवा खालून खाच मारायला संहितेत मनाई आहे, आणि टोकं सोडून इतरत्रही उंचीच्या एक षष्ठांशाहून खोल खाच चालत नाही. न्हाणीघराखाली हे नियम धाब्यावर बसवलेले फार दिसतात. क्रॉल स्पेसमध्ये उघडी माती असेल तर तिच्यावर किमान ६ मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचं प्लास्टिक अंथरा. ओल वर चढली की लाकूड फुगतं, थंडीत हीटर लागला की आकसतं, आणि टाइल दोन्ही करत नाही.

उंचीचा हिशेब कागदावर

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण तोडफोडीच्या आधी करायचं. प्लायवुडचा जादा थर, टाइलखालचा मधला थर (मेम्ब्रेन किंवा बोर्ड, त्यांच्याविषयी पुढे), थिनसेट आणि टाइल यांची बेरीज करा. पातळ मेम्ब्रेन १/८ इंच, त्याच्या वरचा-खालचा थिनसेट मिळून पाव इंचाच्या जवळपास, टाइल ३/८. म्हणजे पाऊण इंच झालाच. मधे अर्धा इंच प्लायवुड घातलं तर सव्वा इंच.

मग घरात फिरा. शेजारच्या खोलीच्या जमिनीशी किती पायरी पडते? दरवाजे घासणार का? डिशवॉशर ओट्याखालून बाहेर निघेल का, की नवी टाइल त्याला कायमचा कोंडून टाकेल? डिशवॉशरच्या जागेतही टाइल न्यायची, समोरच थांबवायची नाही. फ्रिजवरच्या कपाटाची उंची मोजा. टॉयलेटचा फ्लँज (भांडं ज्यावर बसतं ती जमिनीतली कडी) नव्या टाइलच्या वर बसायला हवा, त्यासाठी वाढीव रिंग लागेल. जिन्याची शेवटची पायरी जमिनीला मिळत असेल तर तिची उंची बदलते, आणि त्याचेही नियम आहेत.

काढाकाढी

कार्पेट काढणं सोपं. जुन्या व्हायनिलच्या बाबतीत घर कधीचं आहे ते आधी बघा. १९८० च्या आधीच्या घरांत, विशेषतः ९ बाय ९ इंची चौकोन आणि त्याखाली काळा डांबरासारखा चिकट थर दिसला तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, घासू तर मुळीच नका. छोटा तुकडा प्रयोगशाळेत पाठवा आणि निकाल येईपर्यंत काम थांबवा. १९७८ च्या आधीच्या घरांत बेसबोर्डवर शिशाचा रंग असण्याची शक्यता धरून चाला.

व्हायनिलखाली बहुधा पाव इंची पातळ लुआन प्लाय निघतं, शेकडो पिना मारलेलं. ते ठेवून त्यावर टाइल लावायचा मोह होतो. काढा. पार्टिकल बोर्ड निघालं तर तेही काढा; पाणी लागलं की ते बिस्किटासारखं फुगतं. लाकडी पट्ट्यांची जुनी फ्लोअरिंग असेल तर तीही. या तिघांवर केलेली टाइल टिकत नाही, आणि पुढे काढावी लागली तर आतापेक्षा चौपट त्रास.

खाली काय हवं? जॉइस्ट १६ इंचांवर असतील तर पाऊण इंची, जीभ-खाचेने एकमेकांत गुंतलेलं प्लायवुड किंवा ओएसबी (शिक्क्यावर २३/३२ असं माप आणि ‘एक्सपोझर १’ ही प्रत छापलेली असते). जुन्या घरांत तिरप्या फळ्या निघतात. फळ्या प्रत्येक ऋतूत आपापल्या परीने आकसतात, म्हणून त्यांच्यावर किमान अर्ध्या इंचाचा प्लायवुडचा थर अटळ आहे.

टॉयलेटभोवती, डिशवॉशरखाली आणि बाहेरच्या दाराशी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज घुसलं तर तो भाग कापून काढा. कापताना जॉइस्टच्या मध्यावर कापा, म्हणजे नव्या तुकड्याला अर्धा जॉइस्ट टेकायला मिळतो. जॉइस्टच्या मधे येणाऱ्या कडांखाली टू-बाय-फोरचे आडवे ठोकळे द्या. अधांतरी कड ठेवायची नाही, तिथेच पहिली भेग पडते.

जमीन आवळून घेणं

जुनं सबफ्लोर बहुधा खिळ्यांवर असतं आणि खिळे वर्षानुवर्षांत सैल होतात. करकर ऐकू येते ती लाकूड खिळ्यावर वर-खाली सरकल्याची. सगळ्या जॉइस्टवर दोरीने रेषा मारून घ्या आणि कडांना दर सहा इंचांवर, मधे आठ इंचांवर डेकचे स्क्रू मारा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू वापरू नका. ते ठिसूळ असतात, डोकी तुटतात, आणि तुटलेला स्क्रू काहीच धरत नाही. वर आलेले जुने खिळे खाली ठोका. स्क्रूचं डोकं लाकडाच्या पातळीच्या किंचित खाली गेलं पाहिजे.

मग बूट घालून सगळीकडे चाला. करकर उरली असेल तिथे खाली कोणाला तरी उभं करून जॉइस्ट आणि फळीतली फट शोधा. फटीत गोंद लावलेली पातळ पाचर हलकेच सरकवा. हातोड्याने दामटली तर जमीन तिथे वर उचलली जाते आणि करकर मिटवताना उंचवटा तयार होतो.

सपाटपणा मोजणं

या टप्प्यावर घाई झाली की मोठी टाइल दगा देते. लहान टाइल उंचवट्यावरून वळण घेत जाते, दोन फुटांची टाइल मात्र उंचवट्यावर मधे टेकते आणि तिची टोकं हवेत राहतात. एकीची कड शेजारणीच्या वर येते. त्याला इथे लिपेज म्हणतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ती ओळीने दिसते आणि अनवाणी पायाला रोज लागते.

मोठ्या टाइलसाठी मर्यादा अशी: दहा फुटांत १/८ इंचाहून जास्त फरक नको आणि दोन फुटांत १/१६ इंचाहून जास्त नको. लहान टाइलला दहा फुटांत पाव इंच चालतं, म्हणजे मोठ्या टाइलसाठी अट दुप्पट कडक. आणि अट सपाट असण्याची आहे, लेव्हल असण्याची नाही. पूर्ण खोली एका बाजूला अर्धा इंच उतरती असली तरी उतार एकसारखा असेल तर टाइल छान बसते. जुन्या घरात पूर्ण खोली लेव्हल करायच्या मागे लागलात तर एका भिंतीशी इंचभर भर घालावी लागेल आणि दाराशी पायरी उभी राहील. हट्ट करू नका.

हत्यार लागतं दहा फुटांची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. नसेल तर सहा फुटांची चांगली लेव्हल आणि जोडीला दोन फुटांची. लाकडाच्या दुकानातली टू-बाय-फोर सरळ असते यावर विश्वास ठेवू नका. पट्टी जमिनीवर ठेवा, एक टोक धरून घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा, मग दोन फूट सरकून पुन्हा. पट्टी जिथे डुलते तिथे उंचवटा, जिथे खाली उजेड दिसतो तिथे खळगा. संध्याकाळी दिवे घालवून पट्टीमागे मोबाइलचा टॉर्च धरला तर फट लख्ख दिसते.

फट मोजायला खिशातलं नाणं पुरतं. अमेरिकन पेनी १.५२ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे जवळजवळ १/१६ इंच. दोन फुटी पट्टीखाली एक पेनी सहज सरकली तर तुम्ही मर्यादेच्या बाहेर आहात. दहा फुटी पट्टीखाली दोन पेन्यांची चवड हाच हिशेब. उंचवट्यांभोवती लाल खडूने, खळग्यांभोवती निळ्याने गोल काढा आणि आत खोली लिहा. तासाभरात जमिनीचा नकाशा तयार होतो आणि पुढचं सगळं काम त्या नकाशाबरहुकूम चालतं.

आधी उंचवटे, मग खळगे

हा क्रम उलटा करू नका, कारण एक उंचवटा उतरवला की त्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे आपोआप उथळ होतात. बरेच खळगे नाहीसे होऊन सामानाचा खर्च वाचतो.

उंचवटे बहुधा सबफ्लोरच्या सांध्यांवर असतात. बांधकामाच्या वेळी पावसात भिजलेल्या ओएसबीच्या कडा फुगलेल्या असतात. बेल्ट सँडर किंवा भाड्याचं एजर मशीन लावून त्या घासा. आधी वाटेतले खिळे-स्क्रू खोल करा, नाहीतर पट्टा फाटेल. एन-९५ मास्क, खिडकी उघडी, शेजारच्या खोलीच्या दाराला प्लास्टिक. जिभेच्या सांध्यावर पाव इंच घासून काढायची वेळ आली तर थांबा. सांधा कमकुवत होतो. उंचवटा लांब, सरळ रेषेत आणि जॉइस्टच्याच दिशेने धावत असेल तर खालचा तो जॉइस्टच कमानदार आहे. तिथे सबफ्लोरचा पट्टा उचलून जॉइस्टच्या डोक्यावर रंधा मारणं हा खरा इलाज.

खळगे मोजकेच आणि उथळ असतील तर लाकडावर चालेल असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं सिमेंटचं पॅच मिश्रण घ्या. लांब थापीने किंवा पट्टीनेच ओढून कडा शून्यावर आणा, वाळल्यावर पुन्हा पट्टी फिरवा. थिनसेटने खळगे भरू नका. जाड थरात तो आकसतो आणि दुसऱ्या दिवशी खळगा जिथल्या तिथे असतो.

सेल्फ-लेव्हलर ओतायचा असेल तर

अर्ध्याहून अधिक खोली निळ्या खडूने भरली असेल तरच याच्या वाटेला जा. नावावरून वाटतं तो ओतला की आपोआप पसरेल. तसं होत नाही, त्याला ओढत न्यावं लागतं, आणि हाताशी वेळ असतो पंधरा-वीस मिनिटांचा. एकट्याने करायचं काम नाही. एक कालवणारा, एक ओतणारा, एक पसरवणारा अशी माणसं लागतात. मराठी मंडळातले दोन मित्र शनिवारी सकाळी बोलवा, पोह्यांचं आमिष दाखवा, आणि पोहे काम झाल्यावर द्या.

ओतण्याआधीची तयारी ओतण्यापेक्षा मोठी आहे. सबफ्लोरचा प्रत्येक सांधा, गाठीचं भोक, पाइपभोवतालची जागा सीलंटने किंवा फोमने बंद करा. हीटरच्या जाळ्यांच्या चौकटीभोवती आणि दाराशी बांध घाला. हे मिश्रण पाण्यासारखं वाट शोधतं. एक फट राहिली तर बादलीभर माल खाली बेसमेंटमध्ये कॅरम बोर्डावर जाऊन बसेल आणि वर खळगा तसाच राहील. भिंतींना पाव इंची फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे लेव्हलर भिंतीला जखडणार नाही.

मग प्राइमर. लाकूड पाणी शोषतं आणि कोरड्या लाकडावर लेव्हलर पकडत नाही. डब्यावर दोन हात सांगितले असतील तर दोनच द्या. बहुतेक कंपन्या लाकडावर जाळी मागतात, प्लास्टिकची किंवा धातूची, स्टेपलने घट्ट बसवलेली. जाळीवर किती जाडी हवी तेही गोणीवर दिलेलं असतं. किमान जाडी पाळा.

पाणी मोजून घाला, अंदाजाने नाही. जास्त पाण्याने माल सुंदर वाहतो आणि वाळल्यावर वरचा थर भुकटीसारखा उडतो. ५० पौंडांच्या गोणीतून अर्ध्या घनफुटाच्या आसपास माल होतो, म्हणजे पाव इंच जाडीला साधारण चोवीस चौरस फूट. हिशेबापेक्षा दोन गोण्या जास्त आणा; न फोडलेली गोणी दुकान बहुधा परत घेतं, पण मधेच माल संपला तर सांध्याची रेषा कायमची राहते. जमीन किमान ५० अंश फॅरेनहाइटला हवी. थंडीत बंद ठेवलेल्या खोलीत हे काम करू नका.

मधला थर: काय घालायचं

सपाट, ताठ सबफ्लोरवर थेट टाइल चिकटवत नाहीत. मधे काहीतरी लागतं. पर्याय दोन.

सिमेंटचा बॅकर बोर्ड स्वस्त आहे आणि त्याच्याविषयी एक गैरसमज पक्का आहे: तो जमीन ताठ करतो. करत नाही. टाइलला पकड देतो एवढंच. जमिनीसाठी पाव इंची बोर्ड पुरतो. तो कोरडा ठेवून नुसते स्क्रू मारायचे नाहीत. खाली पॉलिमर-युक्त थिनसेट पाव इंची खाचांच्या थापीने पसरवायचा, बोर्ड त्यात दाबायचा आणि दर आठ इंचांवर बोर्डाचे स्क्रू मारायचे. इथला थिनसेट पोकळी भरण्यासाठी असतो. दोन बोर्डांत १/८ इंच फट, चार कोपरे एका ठिकाणी येऊ द्यायचे नाहीत, बोर्डाचा सांधा सबफ्लोरच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. फटींवर अल्कलीला टिकणारी जाळीची पट्टी आणि थिनसेट. ड्रायवॉलची साधी जाळी सिमेंट खाऊन टाकतं.

दुसरा पर्याय अनकपलिंग मेम्ब्रेन. श्लुटर कंपनीची नारिंगी डिट्रा बहुतेकांनी पाहिलेली असते. लाकूड ऋतूंप्रमाणे आडवं सरकतं ते हा पडदा आपल्यात घेतो आणि टाइलपर्यंत पोचू देत नाही. साधी डिट्रा १/८ इंच जाड, एक्सएल ५/१६ इंच. जॉइस्ट १६ इंचांवर आणि सबफ्लोर पाऊण इंची असेल तर साधी चालते. २४ इंचांवर असतील आणि सबफ्लोर एकेरी असेल तर एक्सएल. नैसर्गिक दगडाला प्लायवुडचे दोन थर लागतात, मेम्ब्रेन कुठलीही असो. माझं मत विचाराल तर मोठ्या टाइलसाठी मी मेम्ब्रेनच्या बाजूने आहे. महाग पडते, पण वजन कमी, उंची कमी, आणि बोर्ड कापताना उडणारी सिलिकाची धूळ नाही. लाकडावर चिकटवायला कुठला थिनसेट आणि वर टाइलला कुठला, हे कंपनी वेगवेगळं सांगते. ते जसंच्या तसं पाळा, नाहीतर वॉरंटीवर पाणी.

दगडासाठी किंवा अंगात ताठपणा यावा म्हणून प्लायवुडचा दुसरा थर घालणार असाल तर तो सपाटपणाच्या कामाच्या आधी. किमान ३/८ इंच लागतं, अर्धा इंच बरं. बाहेरच्या वापराच्या गोंदाचं, गाठी भरलेलं प्लायवुड घ्या. प्लायवुडच्या तक्त्यांमधे १/८ इंच आणि भिंतीपाशी पाव इंच फट. या थराचे स्क्रू फक्त सबफ्लोरमधे जावेत, जॉइस्टमधे नाही. म्हणजे जॉइस्ट वाकला-हलला तरी ते बळ थेट वरच्या थरापर्यंत चढत नाही. दोन थरांमधे लाकडाचा पिवळा गोंद लावायचा तर पूर्ण पसरवा. बांधकामाच्या चिकटाच्या जाड सळ्या ओढू नका, त्यांवर प्लायवुड तरंगतं.

भिंतीशी ठेवलेली पाव इंची फट टाइलपर्यंत तशीच वर न्यायची. बेसबोर्ड ती झाकतो. खोली वीस-पंचवीस फुटांहून लांब असेल तर मधे एक सांधा ग्राउटऐवजी लवचिक सीलंटने भरावा लागतो. मोठ्या काचेतून थेट ऊन पडणाऱ्या जागी असे सांधे आठ ते बारा फुटांवर.

टाइल आणल्यावर

दोन टाइल चेहऱ्याला चेहरा लावून धरा आणि मधे बघा. लांब टाइल भट्टीतून किंचित धनुष्यासारखी वाकूनच येते. म्हणून १२ बाय २४ विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावत नाहीत: एकीचा फुगलेला मध्य शेजारणीच्या खाली वळलेल्या टोकाला लागतो आणि तुमच्या सपाट जमिनीवरही लिपेज दिसते. एक तृतीयांशच सरकवा. कडा घासून सरळ केलेल्या मोठ्या टाइलला सांधा किमान १/८ इंच. थिनसेट ‘मोठ्या आणि जड टाइलसाठी’ असं लिहिलेला, थापी अर्ध्या इंचाच्या खाचांची. खाचा एकाच दिशेने ओढा आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्या. पहिली टाइल लगेच उपसून बघा. कोरड्या खोलीत पाठीचा ८० टक्के भाग मालाने माखलेला हवा, न्हाणीघरात ९५.

लिपेज आवळणाऱ्या क्लिपा आणि पाचरी मिळतात. घ्या, उपयोगी आहेत. पण त्या दोन कडा एका पातळीत धरून ठेवतात, खालचा खळगा भरत नाहीत. टाइल ओढून वर धरली की तिच्याखाली पोकळी राहते आणि एखाद दिवशी कुकर हातातून निसटला की बरोबर तिथेच तडा जातो.

हे सगळं वाचून ‘आपण कंत्राटदारच बोलावू’ असं ठरलं तरी वाया काही गेलेलं नाही. तो आला की तीन गोष्टी विचारा. खाली जाऊन जॉइस्ट मोजणार का? सपाटपणा कशाने आणि किती मर्यादेत बघणार? मधला थर कुठला आणि तो कशावर बसवणार? उत्तरं अंदाजपत्रकात लिहून मागा, आणि सबफ्लोर उघडं असताना एक संध्याकाळ दहा फुटी पट्टी व दोन पेन्या घेऊन स्वतः खोलीत फिरून या.